कुरणाची रोजकीर्द

आमच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीपासून वसतिगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बहाव्याची अकरा झाडे आहेत. वनस्पतिशास्त्राचे आमचे एक ज्येष्ठ सहकारी या झाडांची वही ठेवीत असत. पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, झाड पूर्ण बहरात केव्हा आले, शेंगा केव्हा धरल्या, एवढाच तिचा मजकूर. १९८३ मध्ये त्यांनी सुरू केलेली ही नोंद २००४ साली ते निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, अखंड चालली. शिक्षककक्षात आम्ही मराठीची मंडळी त्यांची थोडी थट्टाही करीत असू. निवृत्त होताना त्यांनी त्या वह्या विभागाच्या कपाटात ठेवल्या. पुढे एका पाहणी समितीच्या भेटीपूर्वी महाविद्यालयात मोठी साफसफाई झाली आणि 'जुने व अनुपयुक्त कागद' या सदराखाली त्या वह्या रद्दीत गेल्या. साफसफाईसाठी नेमलेल्या समितीत आम्हीही होतो. कपाट रिकामे करताना त्या वह्या आम्ही चाळल्या होत्या, त्यांतल्या टापटिपीचे कौतुकही केले होते. आणि तरीही त्या ठेवून घ्याव्यात असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

त्यात आपण काय गमावले, हे त्या वेळी आम्हांला सांगता आले नसते. आज थोडेफार सांगता येईल असे वाटते, म्हणून हा लेख. आम्ही विज्ञानाचे अभ्यासक नाही. परंतु शेतात, कुरणात, पाणथळीत वर्षानुवर्षे चाललेल्या प्रयोगांचा इतिहास वाचताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की हा प्रश्न जितका विज्ञानाचा आहे तितकाच दप्तराचाही आहे. आणि दप्तराशी आमच्या विषयाचा संबंध जुना आहे.

१.

मराठ्यांच्या इतिहासाची साधने शिकवताना बखर आणि रोजकीर्द यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागतो. बखरकाराला काय सांगायचे आहे ते ठाऊक असते. घटना घडून गेलेल्या असतात, नायक ठरलेला असतो, कोणाचा पक्ष घ्यायचा हेही बहुधा ठरलेले असते. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाजवळ असे काही नसते. आज किती जमा झाले, किती खर्ची पडले, कोणाला कशाबद्दल दंड झाला, कोणत्या गावाला साऱ्यात सूट मिळाली, एवढे तो टिपतो आणि पान उलटतो. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपतींच्या व पेशव्यांच्या रोजनिशांतून वेचे निवडले, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशांवर प्रस्तावनापर निबंध लिहिला. बखरी राजकीय उलाढालींपलीकडे फारशा जात नाहीत, समाज कसा जगत होता हे या रोजनिशांतून कळते, हा त्या निबंधातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. कारकुनाने मात्र रानड्यांच्या प्रश्नांसाठी एक ओळही लिहिली नव्हती. त्याने नेमाने लिहिले आणि ते दप्तर पुढे कोणी नष्ट केले नाही, म्हणून रानड्यांना ते प्रश्न विचारता आले.

दीर्घकालीन क्षेत्रप्रयोगाचे मोल नेमके येथे आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. ज्या प्रश्नासाठी तो सुरू होतो त्याचे उत्तर बहुधा काही वर्षांतच मिळून जाते. त्यानंतर तो जी उत्तरे देतो ती सुरू करणाऱ्याला न सुचलेल्या प्रश्नांची असतात. इंग्लंडमधील एका कुरणाचा इतिहास या दृष्टीने विलक्षण बोलका आहे.

२.

लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचे गाव आहे. तेथील रॉथमस्टेड ही जॉन बेनेट लॉज (१८१४–१९००) या जमीनदाराची वडिलोपार्जित मालमत्ता. हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट हे खत तयार करण्याचे पेटंट त्याने १८४२ मध्ये घेतले आणि त्या धंद्यात तो श्रीमंत झाला. १८४३ मध्ये त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञास हाताशी घेतले. त्या दोघांचे सहकार्य लॉजच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे टिकले. ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात त्यांनी १८४३ मध्ये गव्हावरचा प्रयोग सुरू केला. १८५६ मध्ये त्यांनी वाड्याजवळच्या सुमारे सात एकर गवताळ जमिनीची आखणी केली. हे पार्क ग्रास. शंभरेक वर्षे तरी तेथे नांगर लागला नव्हता आणि सारे कुरण एकसारखे दिसत होते.

प्रश्न साधा आणि व्यवहाराचा होता. कोणत्या खताने वाळके गवत जास्त मिळेल? त्यामागे एक शास्त्रीय वादही होता. वनस्पतीला लागणारे नत्र हवेतून व पावसातून पुरेसे मिळते, जमिनीत खनिजे भरली की काम झाले, अशी भूमिका जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने घेतली होती. गिल्बर्ट हा लीबिगचाच विद्यार्थी, तरी लॉज आणि गिल्बर्ट यांना ती मान्य नव्हती. त्यांनी कुरणाचे तुकडे पाडले. कोठे नत्र, कोठे स्फुरद आणि पालाश, कोठे ही सगळी एकत्र, कोठे शेणखत, तर काही तुकड्यांना काहीच नाही. दर वर्षी जूनच्या सुमारास गवत कापायचे, वाळवायचे आणि तोलायचे.

व्यवहाराच्या प्रश्नाचे उत्तर लवकरच मिळाले. नत्र आणि खनिजे एकत्र दिली की गवत भरपूर वाढते. परंतु दोनतीन वर्षांतच दुसरी एक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. शेजारशेजारचे तुकडे एकमेकांसारखे दिसेनासे झाले. जेथे केवळ खनिज खते पडत होती तेथे क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय वनस्पती माजल्या. जेथे नत्र पडत होते तेथे त्या हटल्या आणि उंच वाढणारी मोजकी गवते उरली. जेथे काहीच घातले नव्हते तेथे गवत सर्वांत थोडे, पण जाती सर्वांत अधिक. कापलेल्या गवताचा नमुना घेऊन त्यातली प्रत्येक जात निराळी करायची आणि तोलायची, हे डोळे शिणवणारे काम त्यांनी सुरू केले, आणि १८८२ मध्ये त्याचे निष्कर्ष सविस्तर प्रसिद्ध केले. गवत किती, या प्रश्नातून कोणते गवत, हा प्रश्न असा निघाला.

येथे प्रयोग संपवायला काहीच हरकत नव्हती. प्रश्न सुटला होता, निबंध छापून झाले होते. परंतु लॉजने १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा न्यास करून हे काम आपल्या पश्चात चालेल अशी तजवीज केली. आज तेथे खत न घातलेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास जाती आढळतात. ज्या तुकड्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळत आले आणि चुना कधीच मिळाला नाही, तेथील मातीचा सामू चारच्या खाली उतरला आहे आणि दोनतीन जातींपलीकडे काही तग धरत नाही. तेथे मेलेले गवतही नीट कुजत नाही. ते वर थरासारखे साचून राहते, कारण ते कुजवणारे जीवच त्या आंबट मातीत नाहीसे झाले आहेत. ही गोष्ट पाच वर्षांत दिसली नसती. पाच वर्षांच्या अहवालात हाच तुकडा भरघोस उत्पन्नाचा म्हणून गौरवला गेला असता.

३.

पुढच्या पिढ्यांनी प्रयोग जसाच्या तसा पूजेला लावला नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. जमीन आंबट होत चालल्याचे लक्षात आल्यावर १९०३ पासून बहुतेक तुकड्यांच्या अर्ध्या भागाला नियमाने चुना देण्यास सुरुवात झाली. १९६५ मध्ये तुकड्यांचे आणखी भाग पाडून तीन भागांचे सामू वेगवेगळ्या पातळ्यांवर राखण्याचे ठरले आणि चौथा भाग चुन्याविना ठेवला. १९६० मध्ये गवत कापण्याची आणि तोलण्याची रीत बदलली. प्रत्येक बदलाबरोबर जुन्या आकड्यांशी तुलना थोडी अवघड झाली. परंतु बदल केव्हा आणि कसा केला ते लिहून ठेवलेले असल्यामुळे सलगता तुटली नाही. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. लेखनिकाने पाठ बदलला तरी चालते; बदलल्याची खूण पुसली तर मात्र मूळ संहिता कायमची हातची जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुरणाला अगदी निराळे प्रश्न विचारले जाऊ लागले. रॉय स्नेडन या संशोधकाला असे आढळले की स्वीट व्हर्नल नावाचे एकच गवत शेजारच्या दोन तुकड्यांत वेगवेगळ्या गुणांचे झाले आहे. आंबट तुकड्यातले गवत आंबट मातीला सरावलेले, पलीकडचे चुन्याच्या मातीला. आणि हा फरक बियांबरोबर पुढच्या पिढीत उतरणारा. मध्ये ना भिंत, ना कुंपण. अंतर काही मीटरांचे. उत्क्रांती लक्षावधी वर्षांतच दिसते, या समजुतीला एका कुरणातल्या आखीव रेषेने तडा दिला. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे लॉज आणि गिल्बर्ट यांनी खुंट्या ठोकल्या त्यानंतर तीन वर्षांनी. खुंट्या ठोकताना नैसर्गिक निवड त्यांच्या ध्यानीमनीही असणे शक्य नव्हते.

दुसरा प्रश्न हवेचा. कारखाने, मोटारी आणि शेती यांमुळे हवेत मिसळणारे नत्र पावसाबरोबर खाली येते आणि कोणी न घातलेले खत साऱ्या देशभर पडत राहते. १९८९ नंतर पार्क ग्रासच्या काही भागांचे नत्र बंद करण्यात आले. पुढे हवेतून येणारे नत्रही कमी झाले. २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या नोंदींवर आधारलेला निबंध आला, आणि हटलेल्या जाती, विशेषतः शेंगवर्गीय, पुन्हा परतू शकतात हे त्यात दिसले. ही आशेची बातमी आहे. परंतु ती बातमी ठरण्यासाठी दीडशे वर्षांची आधीची ऱ्हासकथा कोणी तरी लिहून ठेवलेली असावी लागते. जे होते ते ठाऊक नसेल तर जे परतले त्याला परतणे म्हणता येत नाही.

४.

आमच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत मनोवेधक भाग वजनांचा किंवा जातींचा नाही, बरण्यांचा आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी प्रत्येक हंगामातील धान्य, पेंढा, वाळके गवत आणि माती यांचे नमुने वाळवून बाटल्यांत भरून ठेवले. त्या नमुन्यांचे पृथक्करण तर झालेले होते. उरलेले फेकून देणे सहज शक्य होते. त्यांनी बुचे बसवली, मेण लावले, चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढच्यांनी ती रीत सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात काचेच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या तेव्हा दुधाच्या भुकटीच्या आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यांत नमुने भरले गेले, पण भरले गेले. आज या संग्रहात सुमारे तीन लाख नमुने आहेत.

या बरण्यांतून काय निघाले पाहा. वाळलेल्या गवतात १९५० च्या दशकातील अणुचाचण्यांचे प्लुटोनियम सापडले. मातीच्या नमुन्यांतून जमिनीत कर्ब किती काळ राहतो याचे गणित मांडता आले, आणि ते आज हवामानबदलाच्या अभ्यासात वापरले जाते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रॉडबाल्कच्या जुन्या गव्हातून दोन रोगकारक बुरशींचा डीएनए वेगळा काढण्यात आला. सुमारे एकशे साठ वर्षांत या दोहोंचे परस्परप्रमाण हवेतल्या सल्फर डाय-ऑक्साइडच्या प्रमाणाबरोबर हलत गेले, असे त्यातून निष्पन्न झाले. गव्हावर कोणता रोग प्रबळ होणार, हे काही अंशी दूरच्या गिरण्यांच्या धुराड्यांनी ठरवले होते. बाटलीला बूच लावणाऱ्या मजुराला किरणोत्सर्ग हा शब्द ठाऊक नव्हता, आणि डीएनए म्हणजे काय हे त्याच्या मालकालाही ठाऊक नव्हते. 'याचा उपयोग काय?' असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर खरे उत्तर देणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणूनच उपयोगाच्या कसोटीवर दप्तराची छाननी करणे धोक्याचे असते. ती कसोटी नेहमी आजची असते.

५.

या आकड्यांच्या ढिगाचा एक धागा भारतापर्यंत, किंबहुना महाराष्ट्रापर्यंत येतो. रॉथमस्टेडमध्ये साठलेल्या नोंदींतून काही काढता येते का पाहावे म्हणून १९१९ मध्ये रोनल्ड फिशर या तरुण गणितज्ञास तेथे बोलावण्यात आले. ब्रॉडबाल्कच्या उत्पन्नाचे आकडे चाळता चाळता, हवामानामुळे झालेला फरक कोणता आणि खतामुळे झालेला कोणता, हे वेगळे करण्याच्या पद्धती त्याने घडवल्या. आधुनिक संख्याशास्त्राचा बराचसा पाया त्या कामात आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतर्फे १९५४ मध्ये निघालेला पानसे आणि सुखात्मे यांचा कृषिकार्यकर्त्यांसाठीचा संख्याशास्त्रावरील ग्रंथ याच परंपरेतला. व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे ही दोन मराठी नावे कृषी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांना पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून परिचित आहेत.

प्रत्यक्ष प्रयोगही इकडे आले. रॉथमस्टेडच्या धर्तीवर कानपूर येथे १८८५ मध्ये, पुसा येथे १९०८ मध्ये आणि कोइमतूर येथे १९०९ मध्ये कायम स्वरूपाचे खतप्रयोग सुरू झाले. त्यांपैकी कोइमतूरचा प्रयोग शंभरीच्या पलीकडे गेला. १९७० मध्ये कृषी अनुसंधान परिषदेने देशभरच्या निरनिराळ्या मातींवर दीर्घकालीन खतप्रयोगांची योजना आखली. तीत विदर्भातल्या काळ्या मातीवर अकोला येथे १९८८ पासून ज्वारी आणि गहू यांचा प्रयोग आहे. पालमपूर, रांची यांसारख्या आम्लधर्मी जमिनींवर केवळ नत्र देत राहिले तर उत्पन्न घसरत घसरत जवळजवळ नाहीसे होते, हे या योजनेतून दिसले. चुनखडीयुक्त काळ्या मातीची गोष्ट वेगळी. ती आंबटपणा पचवते, म्हणून तेथे घसरण त्या वाटेने येत नाही. पण केवळ नत्राच्या जोरावर तीही फार काळ चालत नाही, आणि रासायनिक खतांना शेणखताची जोड असलेले तुकडे टिकाव धरतात. हार्पेंडनचे कुरण विदर्भाच्या शेतकऱ्याला परस्पर सल्ला देऊ शकत नाही. प्रत्येक मातीला आपली रोजकीर्द आपणच लिहावी लागते.

६.

आतापर्यंतची उदाहरणे खत आणि गवत यांची होती. तेथे चुकीची किंमत फार तर एखाद्या हंगामाची असते. माणसांच्या जगण्याशी गाठ पडते तेव्हा काय होते, हे राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घनाने दाखवले आहे.

सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरांची ही पाणथळ पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. पूर्वी ती भरतपूरच्या राजांचे शिकारीचे ठिकाण होती, आणि आसपासच्या गावांची गुरे, विशेषतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या तेथे चरत असत. या गुरांमुळे पाणथळीची हानी होते, असे मत त्या काळी निसर्गरक्षणाच्या क्षेत्रात प्रबळ होते. राष्ट्रीय उद्यानात चराई नसावी, हे तत्त्वही कायद्याने मान्य केलेले होते. घनाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर १९८२ च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने या पाणथळीचा दीर्घ अभ्यास १९८० मध्येच, म्हणजे बंदीपूर्वी दोन वर्षे, सुरू केला होता. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो दशकभर चालला. पाणी, मासे, वनस्पती, पक्षी यांच्या नोंदी बंदीच्या आधीच्या होत्या आणि नंतरच्याही. गुरे गेल्यावर पाणथळीत काय घडले? पास्पालम नावाचे गवत, जे म्हशी खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते उथळ पाण्यावर फैलावले. उघडे पाणी कमी झाले, आणि त्याबरोबर माशांची आणि अनेक पाणपक्ष्यांची जागा आक्रसली. १९९१ च्या अंतिम अहवालाने, या पाणथळीच्या प्रकृतीला म्हशींची चराई उपकारक होती, असा निष्कर्ष काढला. ज्या अभ्यासकवर्गातून बंदीला पाठबळ मिळाले होते, त्याच वर्गातल्या दहा वर्षांच्या नोंदींनी बंदीचा आधार काढून घेतला.

या प्रसंगातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत, आणि त्या परस्परांना सुखाने बिलगत नाहीत. पहिली, त्या अभ्यासकांचा प्रामाणिकपणा. आपल्याच क्षेत्रातल्या समजुतीच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी दडवला नाही. नोंद बंदीनंतर सुरू झाली असती, तर पास्पालम तेथे आधीपासूनच माजलेले होते असे कोणीही म्हणू शकला असता. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. अहवाल आला तेव्हा गोळीबाराला नऊ वर्षे होऊन गेली होती. ज्ञान मिळाले, ते मेलेल्यांच्या उपयोगी पडले नाही. शिवाय म्हशी चारणाऱ्यांचा या पाणथळीशी असलेला संबंध दहा वर्षांहून कितीतरी जुना होता, पण तो कोणत्याही वहीत उतरलेला नव्हता. म्हणून निर्णयाच्या वेळी त्याचे वजन शून्य धरले गेले. दीर्घ नोंदीचे मोल सांगताना, कोणाचा दीर्घ अनुभव नोंद म्हणून गणला जातो, हाही प्रश्न विचारावा लागतो.

७.

दीर्घकालीन प्रयोगांवरचे आक्षेप खोटे नाहीत. पार्क ग्रासची आखणी आजच्या निकषांवर उतरत नाही. तुकडे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत आणि बहुतेक खतयोजना एकेकाच तुकड्यावर आहेत. गंमत म्हणजे हे निकष फिशरने रॉथमस्टेडमध्येच घडवले. एका कुरणावरून साऱ्या कुरणांविषयी बोलता येत नाही. खर्च दर वर्षी असतो, निबंध दर वर्षी निघत नाही. एखादा प्रयोग केवळ सवयीने चालू राहिला असेही घडू शकते. आणि लॉजजवळ खताच्या धंद्यातला पैसा होता. आमच्या सहकाऱ्यांजवळ एक लांबट वही होती.

हे सारे मान्य करूनही एक वस्तुस्थिती उरते. काळ विकत घेता येत नाही. उपकरण जुने झाले तर नवे आणता येते, निकष चुकले तर सुधारता येतात, पण जे वर्ष नोंदीविना गेले ते कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाही. संशोधनप्रकल्पांची मुदत आपल्याकडे बहुधा तीन वर्षांची असते. तीन वर्षांत दुष्काळाची एखादी फेरीही पुरी होत नाही.

वारसा हाती सोपवण्याची एक रीत अमेरिकेत पाहायला मिळते. मिशिगनमधील विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वीस बाटल्यांत वाळू आणि तणांच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. बी किती वर्षे जिवंत राहते, हा प्रश्न. आरंभी दर पाच वर्षांनी, पुढे दहा आणि नंतर वीस वर्षांनी एकेक बाटली काढायची असे ठरत गेले. जागेचा नकाशा एका पिढीकडून दुसरीकडे येत राहिला. २०२० ची बाटली महामारीमुळे लांबली आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्रीच्या अंधारात, बियांना उजेड लागू नये अशा बेताने, उकरण्यात आली. एकशे एकेचाळीस वर्षांनंतरही त्यातल्या काही बिया रुजल्या. चार बाटल्या अजून जमिनीत आहेत. शेवटची २१०० मध्ये निघायची आहे. ती काढणारे हात बहुधा अजून जन्मायचे आहेत.

बहाव्याच्या वह्यांविषयी आम्हांला आता एवढेच म्हणता येते की त्यांत फुलांच्या तारखा होत्या, आणि उन्हाळा आपल्या गावात कसा सरकत गेला याची कदाचित तेवढीच एक साक्ष होती. 'कदाचित' हा शब्दही आमच्याच हातून त्या वाक्यात आला; वह्या असत्या तर तो लागला नसता. निवृत्त सहकाऱ्यांना आम्ही ही हकीकत अखेर सांगितली. ते रागावले नाहीत. झाडे अजून अकराच आहेत ना, एवढे त्यांनी विचारले. अकराच आहेत. गेल्या उन्हाळ्यात वनस्पतिशास्त्राच्या दोन विद्यार्थिनींनी, आमच्या विनंतीवरून, पहिल्या फुलाची तारीख एका नव्या वहीत लिहिली. ती पहिली नोंद आहे. तेविसावी नव्हे.